‘पॉइंट पंचवीस’ म्हणे ‘पॉइंट सात’पेक्षा मोठा! दशांश अपूर्णांकातली दरवर्षी परत येणारी चूक

सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. फळ्यावर ०.७ आणि ०.२५ लिहून मोठी संख्या कोणती ते विचारलं, की निम्मा वर्ग एका सुरात सांगतो, "पॉइंट पंचवीस!" मग आपण समजावतो. सातच्या पुढे शून्य लावून ०.७० करून दाखवतो. मुलं माना हलवतात, वहीतली दहाच्या दहा उदाहरणं बरोबर येतात आणि धडा संपतो. दिवाळीची सुट्टी होते, आणि नोव्हेंबरात तीच मुलं तीच चूक पुन्हा करतात. आठवीत गेल्यावरही करतात.

मी बरीच वर्षं उच्च प्राथमिकला गणित शिकवते. या एका चुकीच्या मागे मी जितकी लागले तितकी दुसऱ्या कशाच्याच लागले नसेन, कारण तिच्या पोटात पुढच्या सगळ्या चुका असतात. ज्या मुलाला ०.२५ मोठा वाटतो, ते ०.३ + ०.८ चं उत्तर ०.११ लिहितं. ३.७ + २.१५ ला ५.२२ लिहितं: तीन नि दोन पाच, सात नि पंधरा बावीस. ३.७ ला दहाने गुणायला सांगितलं तर ३.७० लिहून मोकळं होतं. आपण या तिन्ही चुका वेगवेगळ्या धरतो, ‘बेरीज कच्ची’, ‘गुणाकार कच्चा’ असे शेरे मारतो. खरं तर तिथे एकच गोष्ट घडलेली असते. मुलाला टिंबाच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र पूर्ण संख्या दिसतात. त्याच्या लेखी ते टिंब म्हणजे दोन घरांमधली भिंत.

शून्य लावण्याची युक्ती आधी थांबवा

‘दोन्हीकडे अंक सारखे करून घ्या, कमी पडतील तिथे शून्य लावा’ ही युक्ती मीही वर्षानुवर्षं शिकवली. गुण मिळतात, म्हणून ती चालू राहते. माझे डोळे उघडले ते सातवीतल्या एका मुलीमुळे. अपूर्णांकांच्या चढत्या क्रमाचं उदाहरण होतं. ती माझ्याकडे वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, इथे शून्य लावायचा का? तुम्ही सांगितलं तर लावते."

मी विचारलं, "लावला तर काय होतं गं?"

"उत्तर बरोबर येतं."

"आणि नाही लावला तर?"

"मग जे मोठं दिसतं ते मोठं."

तिच्या दृष्टीने ०.७ आणि ०.७० या दोन वेगळ्या संख्या होत्या. बाईंनी सांगितलं की पहिलीची दुसरी करायची, एवढंच तिला माहीत होतं. युक्तीने झालं असं, की ७० आणि २५ या दोन पूर्ण संख्यांची तुलना तिच्या हाती आली. ती तिला दुसरीपासून येतच होती. दशांश अपूर्णांकाचा प्रश्न आलाच नाही. अंगातला ताप तसाच, फक्त तापमापी काढून घेतलेली. युक्ती सुट्टीत विसरली की ताप पुन्हा दिसतो.

युक्ती वाईट नाही. ०.७ आणि ०.७० एकच का, हे ज्या मुलाला सांगता येतं, त्याने ती खुशाल वापरावी. त्याआधी नको.

मूल कोणता नियम पाळतंय ते शोधा

मुलं अंदाजाने उत्तरं देत नाहीत. त्यांच्या डोक्यात नियम असतो आणि तो ती प्रामाणिकपणे पाळतात. अमेरिका, फ्रान्स आणि इस्रायलमधल्या मुलांच्या उत्तरांवरचं एक संशोधन १९८९ साली प्रसिद्ध झालं, त्यात तिन्ही देशांतली मुलं ठरावीक चुकीचे नियमच वापरताना आढळली. आपल्याकडची मुलंही तेच वापरतात. म्हणून ‘आमच्या पोरांचा पायाच कच्चा’ म्हणून सोडून देऊ नका.

पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी करा आणि तिच्यावर या सात जोड्या लिहा. मुलांना सांगा, मोठ्या संख्येला गोल करा, सारख्या वाटल्या तर मध्ये बरोबरचं चिन्ह काढा. गुण देऊ नका, बरोबर-चूकही करू नका.

१) ४.८ आणि ४.६३
२) ५.७३६ आणि ५.६२
३) ४.०८ आणि ४.७
४) ०.३ आणि ०.४
५) ०.५ आणि ०.५०
६) ४.४५ आणि ४.४५०२
७) ० आणि ०.६

पाच मिनिटं पुरतात. घरी नेऊन चिठ्ठ्या वाटून बघा, त्यांचे आपोआप गठ्ठे पडतात.

सगळ्यांत मोठा गठ्ठा ‘लांब ती मोठी’वाल्यांचा. ही मुलं पहिल्या जोडीत ४.६३ निवडतात, पाचव्या जोडीत ०.५० निवडतात आणि दुसरी-सहावी मात्र बिनचूक सोडवतात. बरोबर उत्तर आलं तरी कारण चुकीचंच असतं, ७३६ मोठा म्हणून. तिसऱ्या जोडीत यांच्यातच दोन तट पडतात. काही जण ०८ म्हणजे आठ धरून ४.०८ निवडतात. काहींना ‘टिंबानंतर लगेच शून्य आला की संख्या लहान’ एवढं कुठेतरी ऐकलेलं असतं, ती मुलं चुकण्यापासून वाचतात.

दुसरा गठ्ठा लहान असतो आणि तो मला जास्त घोर लावतो. ही ‘आखूड ती मोठी’वाली मुलं. पहिली, तिसरी बरोबर. दुसरी आणि सहावी चूक. यातली बरीच मुलं वर्गात हुशार गणलेली असतात. त्यांनी व्यवहारी अपूर्णांक मन लावून ऐकलेला असतो: छेद मोठा तितका तुकडा लहान. शतांश दशांशापेक्षा लहान, सहस्रांश त्याहून लहान, म्हणून ५.७३६ लहानच असणार. तर्क सुरेख आहे, फक्त तुकडे किती घेतले हे मोजायचं राहून गेलं. चौथ्या जोडीत ०.३ मोठा म्हणणारं मूल याच घरातलं. त्याला ०.३ म्हणजे एक तृतीयांश आणि ०.४ म्हणजे एक चतुर्थांश वाटतो.

आता यात एक धोका बघा. घटक चाचणीत आपण सवयीने पहिल्या जोडीसारखेच प्रश्न घालतो, कारण बहुतेकांची चूक तिथे पकडली जाते. त्या चाचणीत हे दुसरं मूल पैकीच्या पैकी गुण घेतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. प्रश्न काढताना दोन्ही तऱ्हेच्या जोड्या हव्यात: एकीत लांब संख्या मोठी असलेली, एकीत आखूड मोठी असलेली.

तिसऱ्या गठ्ठ्यातली मुलं फक्त सहाव्या जोडीत अडकतात, ‘दोन्ही सारख्या’ म्हणतात. टिंबानंतर दोनच अंक असतात, पुढचं काही धरायचं नसतं, असा त्यांचा समज. हा रुपये-पैशांच्या उदाहरणांचा परिणाम, त्याबद्दल पुढे लिहिते. आणि सातव्या जोडीत ० ला गोल करणारी दोन-तीन मुलं दरवर्षी निघतातच. त्यांच्या मते ‘शून्य पॉइंट काहीतरी’ म्हणजे शून्याच्याही खालचं. ऋण संख्या यायच्या आत त्यांना गाठा, नंतर गुंता दुप्पट होतो.

चिठ्ठीनंतर प्रत्येक गठ्ठ्यातल्या एकदोघांना जवळ बसवून विचारा, "कसं ठरवलंस?" एवढंच. "अरे, असं कसं?" नको. आवाज चढला की मूल आपला नियम लपवतं आणि आपल्याला हवं ते उत्तर शोधायला लागतं.

आपल्या शब्दांनीही घोटाळा केला आहे

हे मला फार उशिरा कळलं. डावीकडची स्थानं एकक, दशक, शतक, हजार. उजवीकडची दशांश, शतांश, सहस्रांश. मुलाच्या कानाला दशक-दशांश, शतक-शतांश जवळजवळ सारखेच. शतक दशकापेक्षा मोठं असतं हे त्याने पहिली-दुसरीपासून घोकलं आहे, मग शतांश दशांशापेक्षा मोठा का नसावा? त्यात ‘दशांश’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘दशांश अपूर्णांक’ म्हणताना तो सगळ्या जातीचं नाव असतो, ‘सात दशांश’ म्हणताना एका तुकड्याचं. मोठ्यांना संदर्भाने कळतं. अकरा वर्षांच्या मुलाला कळेलच असं नाही.

दर एक-दोन वर्षांनी एखादं मूल विचारतं, "बाई, टिंबाच्या उजवीकडे एकांश का नसतो?" या प्रश्नाला घाई करू नका, तो सोन्यासारखा आहे. मुलाने टिंबाला आरसा मानलेलं असतं: इकडे एकक तर तिकडे एकांश हवा. आरसा टिंबापाशी नसून एककापाशी आहे, हे त्याच दिवशी दाखवावं. एककाच्या एका बाजूला दशक, दुसऱ्या बाजूला दशांश. मग शतक आणि शतांश. मग हजार आणि सहस्रांश. टिंब फक्त एककाचं घर कुठलं ते दाखवतं.

आणि सर्वांत मोठा अपराध ‘पॉइंट पंचवीस’ या वाचनाचा. ‘पंचवीस’ म्हटलं की कानात पंचविसाचा मोठेपणा येणारच. मी धडा सुरू झाल्यापासून महिनाभर वर्गात हे वाचन बंद ठेवते. ०.२५ दोन तऱ्हांनी वाचायचं: ‘दोन दशांश पाच शतांश’, आणि ते पक्कं झाल्यावर ‘पंचवीस शतांश’. लांबलचक वाटतं, मुलं कंटाळतात, मान्य. तरीही करा. ‘सात दशांश’ आणि ‘दोन दशांश पाच शतांश’ असं तोंडाने म्हटल्यावर तुलनेचं निम्मं काम जिभेनेच झालेलं असतं.

हातात तुकडे द्या, आणि लांबीचे द्या

पुस्तकात शंभर घरांचा चौकोन असतो. तो चांगला आहे, पण या दुखण्यावर मला तो पुरला नाही. मुलं घरं मोजतात. ०.२५ साठी पंचवीस घरं रंगवतात आणि ०.७ साठी सात! चित्रही त्यांच्या चुकीच्या नियमाच्या बाजूने साक्ष देऊ लागतं.

त्यापेक्षा लांबी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात विजेच्या वायरिंगचा प्लास्टिकचा पाइप मिळतो. त्याचे एक मीटरचे दोन तुकडे करा. दुसऱ्या पाइपातून दहा सेंटिमीटरचे वीसेक आणि एक सेंटिमीटरचे तीसेक तुकडे करवतीने कापून घ्या. सहस्रांशासाठी पाइप कापता येत नाही, तिथे जाड कागदाची एक मिलिमीटरची कातरण करा आणि ती मुलांच्या तळहातावर ठेवा. इतका बारीक तुकडा बघून वर्ग चिडीचूप होतो.

एक पथ्य मात्र पाळा: हे मीटर आहे, हे सेंटिमीटर आहे, असं सांगू नका. मोठ्या पाइपाला ‘पूर्ण’ म्हणा, बाकीच्यांना दशांश आणि शतांश. सेंटिमीटरचं नाव आलं की मूल ‘सत्तर सेंटिमीटर, पंचवीस सेंटिमीटर’ म्हणून परत पूर्ण संख्यांच्या घरात जाऊन बसतं. ही चूक मी दोन वर्षं केली आणि मुलं इतकी भराभर बरोबर उत्तरं का देतात याचं मला कौतुक वाटत राहिलं.

पहिली तासिका फक्त एवढीच. किती दशांश जोडले की पूर्ण होतो? किती शतांश जोडले की एक दशांश? मुलांनी जमिनीवर ठेवून, पूर्णाला लावून बघायचं. कुणी लगेच ‘दहा’ म्हणालं तरी लावून बघू द्या. नंतर संख्या बांधायच्या. ०.२५ बांध: दोन दशांश, त्यांना लागून पाच शतांश. शेजारी ०.७ बांध: सात दशांश. ‘लांब ती मोठी’वालं मूल इथे थांबतं. तुकड्यांची लांबी बघतं, फळ्याकडे बघतं, पुन्हा लांबी बघतं. त्या क्षणी बोलू नका. ते जे काय म्हणेल ते त्याच्याच शब्दांत म्हणू द्या.

‘आखूड ती मोठी’वाल्यांना वेगळी जोडी लागते. त्यांना ०.२ आणि ०.३६ बांधायला द्या. शतांश लहान हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, ते आधी मान्य करा. पण छत्तीस शतांश एका ओळीत लावायला गेलं की तुकडे पुरत नाहीत, मग दहा-दहा शतांश देऊन एकेक दशांश घ्यावा लागतो. तीन दशांश आणि सहा शतांश तयार होतात आणि ओळ ०.२ ला मागे टाकून पुढे जाते. दहाची ही मोड आणि बांधणी हा या धड्याचा प्राण आहे. ०.५ आणि ०.५० सारखे का, हेही इथेच सुटतं: पाच दशांशांतला एकेक मोडून बघा, पाचांचे पन्नास शतांश होतात, लांबी जागची हलत नाही. मुलाने हे एकदा हाताने केलं, की शून्याची युक्ती शिकवावी लागत नाही, ते स्वतःच म्हणतं.

तिसऱ्या दिवसापासून दोरी. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधा, एका टोकाला ०, दुसऱ्याला १. कार्डावर संख्या लिहून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवायच्या. एकाने लावलं की दुसऱ्याने येऊन ‘बरोबर’ किंवा ‘सरकव’ म्हणायचं आणि कारण द्यायचं. सातव्या जोडीत चुकलेली मुलं इथे सुटतात, कारण ०.६ लावायला शून्याच्या मागे दोरीच नसते. दोन-चार दिवसांनी विचारा, ०.३ आणि ०.४ च्या मध्ये काही लावता येईल का? पहिलं उत्तर ठरलेलं, "काहीच नाही, तीननंतर चार." कुणीतरी भीत भीत ०.३५ म्हणतं. मग ०.३५ आणि ०.३६ च्या मध्ये? इथून पुढे वर्ग आपोआप पळतो.

मला या सगळ्याला सहा तासिका लागतात. अभ्यासक्रम मागे पडतो, वरून विचारणा होते. पण त्याच सहा तासिका नंतर बेरीज-वजाबाकी, गुणाकार आणि शेकडेवारीत परत मिळतात.

रुपये-पैसे आता चालत नाहीत

माझ्या पिढीच्या शिक्षकांना दशांश म्हटलं की आधी पैसे आठवतात. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्या पिढीला दशांश शिकवायला खिशातलं नाणंच पुरत होतं. आज सहावीत बसणारं मूल जन्मलं तेव्हा पंचवीस पैसे चलनातून गेलेले होते; ३० जून २०११ पासून ते नाणं चालत नाही. पन्नास पैसे कायद्याने चालतात, पण दुकानात कोण घेतं? मुलाने पैसे पाहिलेलेच नाहीत, आणि आपण ‘समज, तुझ्याकडे सात रुपये पंचवीस पैसे आहेत’ म्हणून सुरुवात करतो.

पैसे माहीत असते तरी अडचण होतीच. ७.२५ म्हणजे सात रुपये आणि पंचवीस पैसे, ही दोन वेगळ्या वस्तूंची मोजणी आहे. भिंतीचा समज त्याने पक्काच होतो, आणि टिंबानंतर तिसरा अंक असू शकतो हे सुचतच नाही. सहाव्या जोडीतली चूक इथून येते.

गावाकडे यापेक्षा चांगलं उदाहरण आहे ते दूध संकलन केंद्रावरचं. गायीच्या दुधाची फॅट (स्निग्धांश) ३.५ आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) ८.५ हे आकडे पशुपालकांच्या घरात पोरांनाही पाठ असतात. ‘आज फॅट दोन पॉइंटांनी कमी लागली’ याचा अर्थ ३.५ ची ३.३ झाली, हे त्यांना मी शिकवावं लागत नाही. तिथे ‘पॉइंट’ हा शब्द चक्क एक दशांश या अर्थाने वापरतात, आणि त्या दशांशावर घरातले पैसे अवलंबून असतात. त्या मुलांकडून घरच्या पावत्या मागवून घ्या आणि आठवड्याची फॅट दोरीवर लावा. शहरात असाल तर तापमापी. ९८.६ वरून १००.४ झाला तर ताप किती वाढला, हे आजारी पडलेल्या प्रत्येक मुलाला जाणून घ्यायचं असतं.

आपले जुने शब्दही हाताशी ठेवा. पाव म्हणजे ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, अडीच २.५. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत; औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ते पाढे परत आणा असं मी म्हणत नाही. पण ‘पाव मोठा की सात दशांश?’ असं विचारलं की मूल खुदकन हसतं, कारण पाव अर्ध्याहूनही कमी हे त्याला चहाच्या कपापासून माहीत असतं. कोणतीही संख्या दिली की आधी ‘अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे?’ हा प्रश्न विचारायची सवय लावा. एवढ्या एका प्रश्नाने निम्म्या चुका जागच्या जागी पकडल्या जातात.

टिंब दिसतं, पण दशांश नसतो

सगळं नीट शिकवूनही चूक परत येते, तेव्हा बाहेरचं जग तपासा. मूल रोज अशी टिंबं बघतं जी दशांश चिन्हं नाहीतच.

क्रिकेटमधलं पहिलं. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू. षटक सहा चेंडूंचं, म्हणजे खरी संख्या साडेचार, ४.५. एका संघाने ४.३ षटकांत ४५ धावा केल्या. मूल ४५ ला ४.३ ने भागून १०.४६ काढतं, धावगती खरी बरोबर १०. हे उदाहरण मी मुद्दाम वर्गात घेते. वाद पेटतो, मुलं अर्धा तास भांडतात आणि शेवटी स्वतःच म्हणतात की हे टिंब खोटं आहे, कारण ४.५ नंतर ४.६ येतच नाही, थेट ५ येतो.

दुसरं घड्याळ. साडेसात म्हणजे ७.३०, म्हणून साडेतीन किलो म्हणजे ३.३०. ही चूक इतकी सर्रास आहे की तिची वाट बघावी आणि आली की घड्याळ आणि तराजू शेजारी शेजारी मांडावेत. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर साडेतीन किलो ३.५०० असे दिसतात, हे घरच्यांबरोबर दुकानात जाऊन तपासून यायला सांगा. पालकांनी एवढं केलं तरी पुष्कळ.

तिसरं सातबाऱ्यावरचं क्षेत्र. तिथे हेक्टर, आर, चौरस मीटर टिंबांनी वेगळे करून लिहितात. शंभर आरांचा हेक्टर असल्यामुळे हे टिंब खरं तर दशांश चिन्हासारखंच वागतं, पण प्रत्येक घराला दोन अंक लागतात. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५. मुलाने १.५ लिहिलं तर ते एक हेक्टर पन्नास आर झालं. फरक पंचेचाळीस आरांचा, म्हणजे एका एकराहून जास्त जमीन. शेतकऱ्याच्या मुलाला मधल्या शून्याची किंमत यापेक्षा चांगली कळणार नाही. तिसऱ्या जोडीत चुकणाऱ्यांसाठी हाच उतारा.

परत येऊ नये म्हणून

पहिली चिठ्ठी जपून ठेवा. धडा संपल्यावर पंधरा दिवसांनी, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात आणि फेब्रुवारीत आकडे बदलून तीच चिठ्ठी पुन्हा द्या. दरवेळी पाच मिनिटं. परिपाठानंतर फळ्याच्या कोपऱ्यात एक जोडी लिहून ठेवली आणि दिवसभरात कुणीही येऊन कारण सांगायचं ठरवलं, तर त्याला वेगळी तासिकाही लागत नाही.

दहाने गुणताना ‘शून्य जोडा’ हे वाक्य चौथी-पाचवीच्या शिक्षकांशी बोलून शाळेतूनच काढून टाका. अंक एक घर डावीकडे सरकतात, असं म्हणायची सवय खालच्या वर्गापासून लागली तर ३.७ × १० चं उत्तर ३.७० येत नाही. हे एकट्याने होत नाही. मला त्यासाठी स्टाफरूममध्ये दोन वर्षं बोलत राहावं लागलं.

बेरीज-वजाबाकीची मांडणी करताना ‘टिंबाखाली टिंब’ एवढं सांगून थांबू नका. दशांशाखाली दशांश आणि शतांशाखाली शतांश, कारण तुकडे एकाच मापाचे असतील तरच एकत्र मोजता येतात. ०.३ + ०.८ ला ०.११ लिहिणाऱ्या मुलाला पाइपाचे तुकडे परत द्या. तीन आणि आठ मिळून अकरा दशांश होतात, दहांचा एक पूर्ण बांधला जातो, उरतो एक दशांश. १.१ हे उत्तर ते स्वतः लिहितं.

आठवीतही ज्याचं हे सुटलेलं नाही त्याला वेगळं बसवून सहावीचं पुस्तक देऊ नका, त्याला ते फार लागतं. पाइपाचे तुकडे घेऊन त्याला सहावीच्या वर्गात पाठवा, लहान मुलांच्या गटाला संख्या बांधायला मदत करायला. माझ्याकडे दरवर्षी दोघं-तिघं तरी असे जातात. गेल्या वर्षी त्यांतला एक पहिल्या दिवशी गटातल्या मुलांबरोबर गुपचूप मोजत बसला होता. चौथ्या दिवशी दाराबाहेरून मला त्याचा आवाज आला, "अरे, पंचवीस म्हणू नको ना. दोन दशांश, पाच शतांश म्हण. मग दिसतं."